अख्खा राहिलेला भोपळा

प्रिय अहो,

काल दुपारी मी तुमचा भोपळा फोडला. माझ्या हातानं, आधी कुणाही पुरुषाची सुरी त्याला न लागता. तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून नातीच्या वहीतले दोन-चार कागद मागून घेतले आणि पडवीत लिहायला बसले आहे.

‘प्रिय’ वाचून हसाल! तुम्ही पलटणीत होतात तेव्हा कितीतरी पत्रं लिहिली मी, पण त्यात ‘प्रिय’ एकदाही लिहिलं नाही. पाकीट चिकटवायच्या आधी मामंजी प्रत्येक पत्र वाचायचे, मग लिहिणार तरी कशी? आता वाचणारं कुणी नाही. तुम्हीसुद्धा नाही, असं आपला प्रकाश म्हणतो. त्याला काय कळतंय!

प्रकाश, सूनबाई आणि माही, तिघं कोइमतूरहून सुट्टीला आलेत. सोनं गाळायचं दुकान महिनाभर जोडीदारावर सोपवून आलाय. वाळलाय जरा. काल माहीचा वाढदिवस होता, नववं संपलं तिला. आल्या दिवशीच तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, “आजी, या वर्षी आबांची ब्राउनी कोण करणार?”

मी म्हटलं, “मी करणार.” का म्हटलं, देव जाणे. त्या ओव्हनला मी आजवर फडकं फिरवण्यापलीकडे हात लावला नव्हता.

पण दुसरं काय म्हणणार होते? तिला गहू चालत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतरचा तो पहिला वाढदिवस आठवतो का? सगळ्या पोरांना केक आणि आपल्या पोरीच्या हातात केळं! ते केळं न सोलता धरून ती दुसऱ्यांची तोंडं बघत बसली होती. तुम्ही तिथून उठून गेलात. मला वाटलं, विडी ओढायला गेले. आठ दिवसांनी विट्याहून मोटरसायकलवर शेजारच्या बापूला मागं बसवून, त्याच्या मांडीवर ओव्हन देऊन घेऊन आलात. गल्लीला वाटलं, नवा टीव्ही आणला.

पलटणीच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला माणूस तुम्ही. शेकडो जवानांना जेवू घातलंत, आणि एका पोरीच्या केकपुढं मात्र हात टेकलेत. ज्वारीचा केला, तो कुत्र्यानं हुंगून सोडला. तांदळाचा केला, त्याला मी नावं ठेवली ती आता लिहीत नाही. मग कुठूनसं तुमच्या डोक्यात आलं की पीठच घालायचं नाही. गोठ्यामागच्या वेलाचा तांबडा भोपळा, शेंगदाणे, काकवी, अंडी आणि विट्याहून आणलेली कोकोची पूड. मी म्हटलं होतं, “भोपळ्याचे घारगे करत्यात, येडेपणा करू नका.” तुम्ही केलातच. आणि ती ओलसर, काळीभोर वडी माहीनं बोटं चाटत खाल्ली, तेव्हा तुमचे डोळे भरून आलेले मी पाहिले होते. पाहून न पाहिल्यासारखं केलं. का केलं तसं?

तर कृती कुठं लिहून ठेवलीय म्हणून मी तुमची पेटी उपसली. एक वही सापडली, लाल पुठ्ठ्याची. त्यात सव्वाशे माणसांची डाळ होती, सव्वाशे माणसांची खीर होती, माहीची ब्राउनी नव्हती. सूनबाई म्हणाली, “मोबाईलवर बघून करू.” मोबाईलमधल्या बाया काकवी कशाला घालतायत! मी खरंच रडकुंडीला आले.

मग चुलीपाशी बसले आणि एकदम सगळं आठवायला लागलं. कसं, ते ऐका. तुम्ही करताना मी दाराशी उभी राहून एकेका गोष्टीला नाट लावत होते ना, तेच सगळं आठवलं!

“आवं, साल तर काढा की आधी!” असं मी म्हणाले होते. म्हणजे भोपळा सालीसकट भाजायचा. तुम्ही म्हणाला होतात, “असू दे गं. भाजल्यावर आपसूक निघतंय.”

“फडक्यात बांधून टांगलाय, श्रीखंड करताय व्हय?” म्हणजे लगद्याचं पाणी चांगलं गळू द्यायचं.

“मिक्सर जळंल, किती फिरवताय त्ये शेंगदाणं!” म्हणजे तेल सुटून लोण्यासारखं होईपर्यंत वाटायचं.

“आतनं कच्चं हाय, सुरीला चिकटतंय बघा!” यावर तर तुम्ही चिडलाच होतात. “चिकटलंच पायजे! कोरडं निघालं तर समज बिघडलं.”

आणि शेवटी, “पोरगी कवाची बसलीय, द्या की गरम गरम!” म्हणजे पूर्ण थंड झाल्याशिवाय वड्या पाडायच्या नाहीत.

माझं तोंड थांबत नाही म्हणून जन्मभर करवादलात. बघा, त्याच तोंडानं तुमची कृती जपून ठेवली! सूनबाईला एकेक सांगत गेले, ती लिहून घेत गेली आणि दोघी हसत गेलो. तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले असेन.

पण करायला भोपळा पाहिजे. आणि भोपळा माळ्यावर होता, तुम्ही दिवाळीत वेलावरून काढून ठेवलेला, अख्खा.

आता ते लिहिते. ते लिहायलाच बसले आहे.

आपल्याकडं बाईनं अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावायची नाही. भोपळा म्हणजे घरातला कर्ता पुरुष. आधी पुरुषानं चीर द्यायची, मग बाईनं फोडी करायच्या. माझ्या आईनं पाळलं, सासूबाईंनी पाळलं, मी पाळलं. तुम्ही हसायचात, पण चीर द्यायचात. “घे, झाला तुझा भोपळा पवित्र,” असं म्हणून सुरी माझ्या हातात ठेवायचात.

माघात सांगलीच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता आवडेल ते खायला घाला. त्याचा अर्थ तुम्हालाही कळला होता आणि मलाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, “शालन, त्यो भोपळा फोड की गं. मी पडून सांगतो, तू ती वडी कर. लय खावंसं वाटतंय.”

मी काय म्हटलं? “तुमी उठा, सुरी लावा, मग करते.”

“मी काय आता उठत न्हाई.”

“गप बसा! काय बी बोलताय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंत, जरा हळू आवाजात, जसं काही माझ्याकडं मोठंच मागणं मागताय. मी ऐकलं नाही असं दाखवून अंगणात गेले.

शेजारच्या बापूला हाक मारता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण तुम्ही घरात असताना दुसऱ्या पुरुषाला सुरी लावायला बोलवायचं, म्हणजे तुम्ही आता उठणार नाही हे मीच कबूल करायचं. विट्याच्या बाजारात कापलेल्या फोडी मिळतात. तेही सुचलं होतं मला! सुचलं नव्हतं असं खोटं कशाला सांगू? पण माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. तो माळ्यावर अख्खा आहे तोवर तुम्ही आहात. मी कुणाला त्याला हात लावू देणार नव्हते.

प्रकाश आला तोवर तुम्हाला पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागत होतं.

मी सुरी लावली नाही, तरी तुम्ही गेलातच की! मग कशासाठी मी तुम्हाला उपाशी ठेवलं? एवढीशी वडी मागितली होती तुम्ही. चाळीस वर्षांत माझ्याकडं स्वतःसाठी काय मागितलंत हो तुम्ही? चहा सोडला तर मला काही आठवत नाही. आणि जे मागितलं ते मी दिलं नाही. या एका गोष्टीचं मला इतकं वाईट वाटतं की माळ्याकडं मान वर करून बघायचं मी सोडून दिलं होतं.

तर काल. प्रकाशनं भोपळा खाली काढला. दिवाळीपासून राहिलेला, पण देठ टणक, कुठं डाग नाही. मी पाट मांडला, सुरी घेतली आणि बसूनच राहिले. प्रकाशला म्हटलं, “लाव.” तो म्हणाला, “आई, मला न्हाई जमणार. त्यांचा हाय त्यो.” रोज भट्टीपुढं उभा राहतो, सोन्याचं पाणी करतो, आणि भोपळ्याला सुरी लावेना. बाहेर निघून गेला.

तेवढ्यात बापू आला, अंडी घेऊन. दारातनंच म्हणाला, “वैनी, आना हिकडं सुरी. मी लावतो की. एवढ्याला काय बसलाय?”

मी सुरी त्याच्यापुढं केलीही. त्यानं धरली. आणि मला सोडवेना! आमची दोघांची ओढाओढ बघून माहीनं विचारलं, “आजी, तूच का नाही कापत?”

“बाईनं कापायचा नसतो गं.”

“कापला तर काय होतं?”

मी खरं ते सांगितलं. “घरातल्या माणसाला काहीतरी होतं म्हणत्यात. तुझ्या आबांना.”

ती अगदी साधेपणानं म्हणाली, “पण आबा तर गेले ना, आजी.”

बापूनं सुरी सोडली. तीन महिने सगळे माझ्यापुढं जपून बोलत होते, ‘ते असते तर’ म्हणत होते, ‘आता नाहीत’ कुणी म्हणत नव्हतं. पोरीनं म्हटलं. आणि खरं सांगू, मला राग आला नाही. मी दोन्ही हातांनी सुरी दाबली. टणक होता हो, तुमच्यासारखाच! तिसऱ्या दाबाला कट्कन दोन झाले. आत केशरी, रसरशीत, बिया घट्ट बसलेल्या. काही झालं नाही. बाहेर बापूचा कोंबडा आरवत होता, तो आरवतच राहिला. मी मात्र पदर तोंडात कोंबून रडले, आणि बापू बिचारा अंडी हातात धरून उभा.

भाजला, गाळला, वाटला. सगळं माझ्याच टोमण्यांप्रमाणे. मग ओव्हनपाशी आले आणि अडले. आच किती ठेवायची? त्यावर मी कधी बोललेच नव्हते, कारण त्या बटणांची मला भीती वाटायची. सूनबाई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, “आई, बटण फिरवलेलंच आहे. एकशे ऐंशीवर.” दिवाळीत तुम्ही फिरवलं होतंत. तसंच होतं. मी कुणाला हात लावू दिला नाही, नुसता खटका दाबला.

सुरीला चिकटत होतं तेव्हाच बाहेर काढली. माही तीनदा येऊन बघून गेली, तरी गरम दिली नाही. संध्याकाळी वड्या पाडल्या. जरा जास्तच ओल्या झाल्यात, काकवीचा हात सैल पडला माझा. माहीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “आबांच्यापेक्षा थोडी वाईट आहे. पण चालेल.” म्हणजे बघा! तिच्यावर मी चिडायला हवं होतं, पण मला इतकं बरं वाटलं.

मीही खाल्ली. तुम्ही दरवेळी पहिली वडी माझ्यापुढं धरून माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचात. आणि मी काय म्हणायची? “बरं हाय.” बस. चार वर्षं, दरवेळी, “बरं हाय.” अहो, फस्क्लास होती! पहिल्या दिवसापासून फस्क्लास होती. तुम्ही मान ताठ कराल म्हणून बोलले नाही. केली असतीत ताठ तर काय बिघडलं असतं माझं?

गोठ्यामागं वेल पुन्हा धरलाय. भोपळे होतील तेव्हा होतील, कोण चिरणार याची चर्चा आता या घरात होणार नाही. पण माझं वचन त्याचं नाही, दुसऱ्याच गोष्टीचं आहे. या घरात, शेजारात, नात्यात, कुठंही कुणी अंथरुणावरून मला काही मागितलं, घासभर काही, तर मी ते त्याच दिवशी करून देईन. रीत काय, मुहूर्त काय, तो बरा होणार की नाही, काही बघणार नाही. हातातलं काम टाकून आधी ते करीन आणि शेजारी बसून भरवीन. तुम्हाला शब्द देते.

तुमची वडी मात्र राहिली ती राहिलीच. ती मला आता कुणालाच देता येणार नाही.

तुमची,
शालन