अण्णांच्या फोनवरचं माझं गाणं

गुरुवार संध्याकाळ, महादेवपुरा

गाणं चार्टवर पहिलं आलं. बँडमधले सगळे नाचतायत आणि मी मोबाइल हातात धरून बसलेय.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच गाणं कॉलर ट्यून म्हणून लावलंय. त्यांना फोन केला की आधी मीच कन्नडमध्ये ओरडते, 'कडी काढा, मी बाहेर उभी आहे!' कन्नड त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मग कळत कसं नाही? की कळतंय? पहिला शो करून गिटार घेऊन बसवनगुडीच्या घरी गेले, तेव्हा त्यांनीच आतून कडी लावली होती. दोन तास पायरीवर बसले होते मी. सगळं गाणं तिथलंच आहे.

काल त्यांनी शेजारच्या अक्कांना पेढे वाटले. मग मलाच विचारलं, "गाण्यात आत बसलेला तो माणूस कोण गं? फारच निष्ठुर." मी म्हटलं, असंच, कल्पना.

आता काय करू? गाणं रिक्षात वाजतंय, दुकानात वाजतंय. ते परत घेता येत नाही.

आज खरं सांगायचं म्हणून फोन लावला. कडी काढा, कडी काढा... मलाच ऐकवेना. कट केला.

लगेच त्यांचा फोन आला. "ठेवलास का गं? खाली गाडी थांबल्यासारखं वाटलं. तू आलीस म्हणून कडी काढायला गेलो होतो. गुडघ्यांमुळे स्वल्प वेळ लागतो आता."

"सरी, बरं अण्णा," एवढंच बोलले.