अमिरुन्निसाला मानलेली बहीण म्हणू नये

मी, अश्विनी रखमाजी मेंगडे, वय ४६, कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल, मूळची निरगुडसर, तालुका आंबेगाव इथली, हल्ली राहणार येडगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वैताग मात्र पुष्कळ आहे. वैतागात लिहिलेले मृत्युपत्र कायद्याने चालते का, हे मी वकीलसाहेबांना विचारून घेतले. ते म्हणाले, "मॅडम, बहुतेक तशीच असतात."

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. मागच्या वर्षी कार्यक्रम करून परतताना भीमाशंकरच्या रस्त्यावर आमची मोटरसायकल घसरली. मागे अमिरुन्निसा आतार बसली होती. तिला खरचटले, माझा खुबा मोडला. आम्ही दोघी येडगावच्या घरात सोळा वर्षे एकत्र राहतो, एकत्र गातो आणि एकत्र भांडतो. दवाखान्यात तिला विचारले, "पेशंटच्या कोण तुम्ही?" ती म्हणाली, "घरची." "नातं सांगा." ते तिला सांगता येईना, म्हणून ती बाहेर बाकावर बसून राहिली. निरगुडसरहून माझा थोरला भाऊ भिमाजी आला. त्याला सगळे पप्पूशेठ म्हणतात, मी पप्पूदादा. तो काउंटरवर म्हणाला, "बसू द्या तिला आत. आमची मानलेली बहीण हाय ती."

तिला आत सोडले. त्याबद्दल मी दादाची आभारी आहे हे आधी नोंदवते, म्हणजे पुढचे लिहायला मी मोकळी.

मानलेल्या बहिणीला आपल्याकडे काय मिळते? साडी, नारळ आणि कार्यात पहिल्या रांगेतली खुर्ची. घर मिळत नाही. घर रक्ताच्या माणसांकडे जाते आणि मानलेली बहीण पिशवी भरून माहेरी. ज्या शब्दाने तिला दवाखान्याचे दार उघडले, त्याच शब्दाने माझ्यामागे तिला घराबाहेर काढता येईल. वकीलसाहेबांच्या मसुद्यातही तिच्या नावापुढे "मानलेली बहीण" होते. मी खोडले. त्यांनी "मैत्रीण" लिहिले. मैत्रिणी मला बऱ्याच आहेत आणि त्यांतल्या एकीलाही मी घर देणार नाही. त्यांनी "सहकलाकार" सुचवले. शेवटी तो रकाना रिकामा ठेवून मी कागद घरी आणला.

कलम १. येडगावचे घर, पुढचे अंगण आणि मागच्या शेवग्यासह, अमिरुन्निसा आतार हिला द्यावे. जागा माझ्या पगारातून घेतली, वरचा स्लॅब तिच्या शिलाई मशीनच्या कमाईतून घातला. माझ्या माहेरच्या कोणाचा यात एक दगडही नाही. निरगुडसरच्या वडिलार्जित जमिनीत माझा हिस्सा नाही, कारण आईच्या समोर बसून मी दादाला हक्कसोड लिहून दिली. ती मी परत मागत नाही. पण ज्याला एकदा हक्क सोडून दिला, त्याने माझ्या दुसऱ्या हक्कावर डोळा ठेवू नये.

हे मी भाऊबिजेला दादाला तोंडी सांगितले होते. तो म्हणाला, "लई झालं तुझं. बहीण म्हनलं तर काय बिघडतंय? लोकांच्या डोळ्यात खुपत न्हाई." मी म्हटले, माझ्या डोळ्यात खुपते. तर म्हणतो, "मंग मी कोन तिचा? दीर का?" आणि करंजी खाऊन निघून गेला.

कलम २. वाद्ये. यासाठी थोडे मागचे सांगावे लागेल. आमच्या देवळातल्या भजनी मंडळात बायका मागे बसून पुरुषांच्या पट्टीत गात. पेटीवरची काळी एक ही पट्टी पुरुषांच्या गळ्याला सोयीची. पखवाज त्याच सुरात लावलेला, त्यामुळे बायकांचा आवाज खाली पुटपुटल्यासारखा येई. मग लोक म्हणत, बायकांना गाता येत नाही. मला मात्र काळी एक सहज जमे. त्यावर लोक म्हणत, हिचा आवाज बाप्यासारखा. दोन्हीकडून बोलणी होतीच. अमिरुन्निसाचा गळा काळी चारचा, बराच वरचा. ती जुन्नरला लग्नघरातल्या बायकांच्या बैठकीत ढोलकवर गाऊन तयार झालेली. तिच्याकडेही बाईने माईकसमोर बसणे कोणाला आवडले नाही. आम्ही दोघी आणि टाळकरी लंकाबाई, अशा तिघींनी लहान तोंडाचा पखवाज बनवून घेतला आणि तो वरच्या सुरात लावला. मंडळाचे नाव "काळी चार". भजनाच्या नावावर सुपारी मिळायची. दोन भजने झाली की आम्ही आमची गाणी सुरू करायचो.

पेटी, माईक, मिक्सर आणि दोन्ही स्पीकर अमिरुन्निसाला. पखवाज माझी भाची समृद्धी, म्हणजे दादाची मुलगी, हिला. ती लपून शिकली आहे, आता लपू नये. पखवाज शोकेसमध्ये ठेवू नये, डाव्या तोंडाला कणीक ताजी लावावी, आणि कोणा बुवाच्या सोयीसाठी त्याचा सूर खाली आणू नये. लग्नानंतर सासरी नेता येणार नसेल तर पखवाज ठेवावा आणि लग्न सोडावे. (हे वाक्य मी दोन दिवस खोडून पुन्हा लिहिले. भाचीच्या संसारात मी का पडावे, असे वाटते. तरी राहू देते. तिने वाचावे आणि स्वतःच ठरवावे.)

कलम ३. सत्काराच्या शाली. एक ट्रंक भरून आहेत. दर आठ मार्चला आम्हाला कर्तृत्ववान महिला म्हणून बोलावतात, शाल देतात आणि म्हणतात, "वादग्रस्त काही नको हं, एखादं छान भक्तिगीत म्हणा." या सर्व शाली निरगुडसरच्या यात्रा कमिटीला द्याव्यात. त्यांतली सर्वांत जाड शाल कमिटीने जनरेटरवर पांघरावी.

खुलासा: त्या यात्रेत आम्ही हक्कसोडीचे गाणे म्हटले होते.

ओवाळ गं दादाला, ताटात ठेव सही
सातबारा त्याचा सारा, चोळी तुझी राही

दुसरे कडवे सुरू झाले आणि माईक मेला. कमिटीत दादा होता. म्हणाला, "जनरेटर बंद पडला, मी काय करू?" लंकाबाई म्हणाली, "पप्पूशेठ, तुमचा जनरेटर लई हुशार हाय राव. त्याला गानं कळतंय." मी सामान आवरायला घेतले. अमिरुन्निसाने पेटीही घेतली नाही. उभी राहिली आणि माईकशिवाय काळी चारमध्ये उरलेली कडवी म्हणाली. पार पाळण्यांपर्यंत ऐकू गेले, असे भेळवाल्याने नंतर सांगितले.

कलम ४. मोटरसायकल अमिरुन्निसाचा भाऊ अकबर याला. अपघातानंतर त्याच्याच गॅरेजने ती दुरुस्त केली. धुऊनपुसून अंगणात लावली, बिल दिले नाही, आणि उंबऱ्याच्या आत आलाही नाही. तो ईदला शिरखुर्मा पाठवतो, कधी आणून देत नाही. तेव्हा अट एकच. चावी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असेल. ती त्याने आत येऊन, बहिणीच्या हातचा चहा पिऊन घ्यावी.

कलम ५. बँकेतली शिल्लक, फंड आणि ग्रॅच्युइटी अमिरुन्निसाला. पुस्तके महाविद्यालयाला. माझ्या रोजनिश्याही अमिरुन्निसाला. त्यांत गुपित काही नाही, बरीचशी कुरकुर आहे. तिने ती रोज समोर ऐकलेली आहे, पुन्हा वाचण्याची सक्ती नाही.

कलम ६. दहावा. हे कलम सर्वांनी नीट वाचावे.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण दादाचा आहे, म्हणून विधी होणारच. करू नका असे लिहिणार होते. मग वाटले, गाव जमते ते घाटावर, आणि माझे शेवटचे म्हणणे गावासमोरच व्हायला हवे. आपल्याकडे दहाव्याला प्रवचन होते, मग पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतात. ज्यांना नाव माहीत नसते ते चिठ्ठीवर बघून रडवेले होतात. तिकडे पिंड मांडलेला, कावळा शिवत नाही, आणि नातेवाईक मेलेल्याची इच्छा काय राहिली असेल याचे अंदाज बांधत नवस बोलल्यासारखी वचने देतात.

आमची आई कुशाबाई हिच्या दहाव्याला कावळा फिरकेना. दादाने म्हशी सांभाळण्याचे वचन दिले, देवळाला कळस कबूल केला. काही होईना. मग त्याने पुढाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि साऱ्या गावासमोर म्हणाला, "आये, अश्विनीचं लगीन मी लावून देतो!" त्याच क्षणी कावळा आला आणि पिंडाला शिवला. त्या कावळ्याला मी आजवर माफ केलेले नाही. पुढची कित्येक वर्षे दादाने आणलेली स्थळे मी परतवली. त्यांतला एक तर बिजवर होता आणि त्याला माझा पगार तोंडपाठ होता.

म्हणून माझ्या दहाव्याला कोणी अंदाज बांधू नये. माझी इच्छा इथे लेखी आहे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर "शोकाकुल" या शब्दाखाली पहिले नाव अमिरुन्निसाचे असावे, पुढे नात्याचा कंस नको. तिला बायकांत मागे उभे करू नये. पिंडासमोर, दादाच्या शेजारी उभे करावे. भाषणे होणार नाहीत. माईक आमचा आहे आणि मिक्सर तिच्या हातात असेल. कावळा येवो न येवो, तिने काळी चारमध्ये तिला वाटेल ते म्हणावे. माझी पट्टी काळी एक, तिची काळी चार. माझा पंचम तो तिचा षड्ज. एवढ्या आधारावर आम्ही इतकी वर्षे एका पेटीवर गायलो. एक सूर कमी झाला तरी दुसरा लागतो.

हे वाचून अमिरुन्निसा म्हणाली, "अशू, मेल्यावरबी भांडायचंय का तुला?" मी म्हटले, हो. ती म्हणाली, "मग जरा उशिरा मर. मला एवढ्या लोकांशी एकटीनं भांडायला जमणार नाही."

पुरवणी. साक्षीदार म्हणून मी मुद्दाम दादाला बोलावले, म्हणजे पुढे त्याला हा कागद माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही. त्याने ओट्यावर बसून सगळे वाचले. जनरेटरपाशी घसा खाकरला. सहाव्या कलमापाशी थांबला तो थांबलाच. मी भांडायच्या तयारीत होते.

"आईला शब्द दिल्याला," तो म्हणाला. "त्यो आजून माझ्या डोक्यावर हाय. तुला हसू येतंय, मला झोप येत न्हाई."

मी म्हटले, "दादा, तू शब्द दिलास तेव्हा माझं लग्न झालेलंच होतं. अमिरुन्निसा घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होती. तूच तिला चहा दिलास."

त्याने ओट्यावरून दिसणाऱ्या धरणाकडे पाहिले. "म्हंजी त्या कावळ्याला ठाव व्हतं आन मला न्हाई?"

अमिरुन्निसा आतून म्हणाली, "पप्पूदादा, चहात साखर घालू का?"

त्याने पेन मागितले. पण अट घातली, भाषण तो करणारच. सख्ख्या बहिणीच्या दहाव्याला गप्प बसला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. दोन मिनिटांवर तडजोड झाली. कलम ६ मधली भाषणबंदी त्याच्यापुरती, तेवढ्याच वेळासाठी उठवते.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले. कलम ३ रागात लिहिले होते. आज वाचले, राग तेवढाच आहे, म्हणून ठेवले. बाकीचे विचार करून लिहिले आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. लाभार्थीशी आपले नाते साक्षीदारांनीही लिहावे, असे वकीलसाहेबांचे म्हणणे आहे.

स्थळ: येडगाव
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार: अश्विनी रखमाजी मेंगडे (सही)

साक्षीदार १: लंकाबाई भागू गावडे, रा. येडगाव. लाभार्थीशी नाते: टाळकरी. (सही)

साक्षीदार २: भिमाजी रखमाजी मेंगडे, रा. निरगुडसर. लाभार्थीशी नाते: थोरला दीर. (सही)
माझे भाषण पाच मिनिटे होईल.

वरची शेवटची ओळ मला मान्य नाही. तीन मिनिटे. मग मिक्सर बंद.
अ. र. मेंगडे