हळू आवाजातली बातमी

४ मार्च, मंगळवार

म्हातारी साडेचारला आली. तिचा पोरगा पावणेदोनलाच गेला होता.

मी अकरा वाजता फोनवर सांगितलं होतं की! खिडकीवरच्या कार्डावर छापलंय तसं, शब्द न शब्द — "आपल्या रुग्णाची प्रकृती चिंताजनक आहे. नातेवाइकांनी लवकरात लवकर उपस्थित राहावे, ही विनंती." आवाज खाली, गोड. त्याचाच पगार मिळतो मला. हॉस्पिटलच्या चौकशी खिडकीवरच्या सगळ्याजणी मला साखरबाई म्हणतात ते काही उगाच नाही.

ती म्हणाली, "बरं बरं. येते मग. त्याचे कपडे वाळत घातलेत, तेवढे घेऊनच येते."

कपडे वाळत घातलेत! तिथेच मला कळलं, की हिला काही कळलेलं नाही. आणि मी काय म्हणाले? "धन्यवाद." म्हणाले आणि ठेवला फोन.

आली ती दोन शर्टांच्या घड्या छातीशी धरून. माझ्याच खिडकीसमोर उभी राहिली. "चौदा नंबर खाट. मला फोनवरच्या बाईंनी बोलावलंय." मी म्हटलं, "आपण बसा. डॉक्टर येतील." काचेआडून. त्याच आवाजात.

ती बसली. शर्ट मांडीवर ठेवून बसली.

५ मार्च, बुधवार

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

तिच्या कागदावर पत्ता होता — खाणीमागची वस्ती. मी वाढले ती नव्हे, पलीकडच्या डोंगराची. पण खाण ती खाणच. दिवसभर खडीचं मशीन चालतं. चाळिशीच्या आत निम्मी माणसं बहिरी. तिथे प्रेमही ओरडून करतात आणि मीठही ओरडूनच मागतात. हळू बोललं की समजायचं, किरकोळ आहे, नंतर बघू. आणि वाईट बातमी? ती दारातूनच हाक मारून द्यायची, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशी. आत येऊन, बसून, पाणी पिऊन कुणी सांगत नाही. तसं सांगणारा माणूस तिथे हलकट ठरतो.

बाबांच्या अंगावर दगड आला तेव्हा शेजारीण टोकापासून बोंबलत आली होती. "अगं ए, टाक ते हातातलं! धाव! तुझा माणूस चाललाय!" आई साबणाच्या हातांनी पळाली, अनवाणी. पोचली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग गेले. तेवढ्या एका बघण्यावर आईने पुढची एकोणीस वर्षं काढली.

मला हे सगळं माहीत होतं. या इमारतीत फक्त मलाच माहीत होतं! "मावशे, आहेस तशी नीघ, पोरगा चाललाय" — एवढंच तर बोलायचं होतं. तिचं घर दीड तासावर. पोचली असती. तासभर तरी त्याच्याजवळ बसली असती.

मोठ्या बाई, आमच्या सुपरवायझर, मागे उभ्या होत्या. कार्डाबाहेर एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा नियम. पण उगाच त्यांच्या नावावर का ढकलू? मला लाज वाटली. इथे सगळ्यांना मी सांगितलंय, बाबा कंत्राटदार होते. नवऱ्यालाही तेच सांगितलंय. बारा वर्षं झाली.

६ मार्च, गुरुवार

अकराला फोन वाजला. "चौदा नंबर कसा आहे?"

तीच होती.

७ मार्च, शुक्रवार

आजही. बरोबर अकराला. "चौदा नंबर कसा आहे?" जणू काही झालंच नाही!

यासाठी कार्ड नाही. "कृपया थांबा" म्हणाले आणि संगीत लावून दिलं. वीस मिनिटं ऐकत होती. मध्ये दोनदा लाईनवर जाऊन बघितलं, तर नुसता श्वास.

मोठ्या बाई म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. सौम्यपणे बोला आणि ठेवून द्या." सौम्यपणे! त्याच सौम्यपणाने घात केलाय हो बाई.

चौदा नंबरवर आता दुसराच कुणी आहे. पाय मोडलेला शाळामास्तर. नर्सशी विनोद करतो.

९ मार्च, रविवार

सुट्टी. तरी अकराला नजर घड्याळाकडे गेलीच.

लेक बाहेरच्या खोलीत खेळत होती. बाहुलीच्या कानाला खेळण्यातला फोन लावून — "प्रकृती चिंताजनक आहे हं. लवकर उपस्थित राहावे." हुबेहूब माझा आवाज! तीच गोडी, शेवटी तसंच हळूच खाली उतरणं. नवरा हसून हसून बेजार. "बघ, तुझी साखर उतरलीय हिच्यात!"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडले. "ए! ठेव तो फोन! ठेव म्हणते ना, थोबाड फोडीन!" माझ्या तोंडून आई ओरडली. वस्ती ओरडली.

लेक बघतच राहिली. रडलीसुद्धा नाही. नवऱ्याने पेपर खाली घेतला. "हे कुठलं बोलणं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्याने पेपर परत वर केला, पण पान उलटलं नाही. बराच वेळ.

११ मार्च, मंगळवार

आज धीर करून म्हटलं, "आपला रुग्ण आता आमच्याकडे नाही."

"मग कुठाय?"

ती रागवत नाही, रडत नाही, शिवी देत नाही. अगं, दे ना एखादी शिवी! नुसती वाट बघते. कसली ते कळत नाही.

संगीत लावून दिलं.

१२ मार्च, बुधवार

आता ती फोनबाहेरही ऐकू येते. लिफ्टचं दार बंद होताना — कसा आहे. कुकरच्या शिट्टीमागे — कसा आहे. आज एका गृहस्थांनी खिडकीशी येऊन विचारलं, "एक्स-रे कुठे?" आणि मी म्हणाले, "तो गेला." ते बघतच राहिले. मग म्हणाले, "अहो, एक्स-रे." माझा चेहरा बघून बिचारे स्वतःच शोधायला गेले.

संध्याकाळी बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. हो, सराव! "मावशे, तुझा पोरगा गेला गं!" जमेना. नाटकात कामवाली बाई झालेल्या नटीसारखं यायला लागलं. रविवारी रागात आलं ते आज बोलावून येईना. बारा वर्षं तोंडाला कुलूप लावलं, आता किल्ली सापडत नाही. ना धड इकडची राहिले, ना तिकडची.

तेवढ्यात लेक दाराबाहेरून, "आई, कोणाशी बोलतेस?"

"कोणाशी नाही गं."

१३ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंनी सांगितलं, उद्यापर्यंत बघू. नाही थांबली तर तिचा फोन नंबर बंद करून टाकायचा.

म्हणजे उद्याचाच दिवस. नंतर तिला कुणीच काही सांगणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं!

अकराला फोन वाजला. "चौदा नंबर कसा आहे?" आणि मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. कोण मागे, कोण पुढे, काही बघितलं नाही. "मावशे! गेला गं तुझा पोरगा! अगं, गेला तो! मी सांगितलं नाही तुला, मी मेली गोड बोलत बसले, आणि तो तुझी वाट बघून गेला!" घसा फाटला. सगळा हॉल वळला. रांगेतला एक माणूस टोपी काढून उभा राहिला, उगाचच.

मग ती रडली. मोठ्याने, हुंदक्यांनी, जसं त्या दिवशी रडायला हवं होतं तसं. किती वेळ ते माहीत नाही. मग म्हणाली, "मला माहीत नाही का गं? मीच मसणात पोचवलं ना त्याला. पण मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर हळू बोलले, नर्स हळू बोलली. माझा एवढा मोठा पोर गेला आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही त्याच्यासाठी."

मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितलाय. सोमवारपासून खिडकीवर बसायचं नाही. देईन काय द्यायचा तो! एक ओळ लिहिली आणि फाडली.

घरी येऊन नवऱ्यालाही सांगितलं. बाबा, दगड, खाण, सगळं. तो म्हणाला, "एवढंच?" मग थोड्या वेळाने, "बारा वर्षं, अगं?" आणि उठून गच्चीवर गेला. दुखावलाय. दुखावू दे. बऱ्याच दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलंय. वाटतंय, सुटले.

१५ मार्च, शनिवार

खिडकीवर आजचा शेवटचा दिवस. म्हातारी आली. काच सरकवायला लावली. हात आत घालून माझा गाल कुरवाळला. म्हणाली, "त्या पहिल्या फोनलाच ओळखलं होतं मी तुला. शब्द त्यांचे होते, हेल आपला होता. म्हणून तर घाई केली नाही गं. म्हटलं, आपली पोर बसलीय तिथं. वाईट असतं तर ओरडली असती."