दुबईतला हरलेला हंगाम

दुबई, गुरुवार

ती. सुगंधाताईस,
धाकट्या भिकनचा नमस्कार. फोनवर आवाज दाटला की आई लगेच ओळखते, म्हणून तुला लिहायला बसलो.

इथं जेवणाची आबाळ नाय. मी अन् फिलिपिन्सचा रेनाटो एका खोलीत राहतो. मी टाकलेले बॉल तोच झेलतो. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी त्यानंच संपवली.

आमची बेसबॉलची टीम मात्र यंदा एकही मॅच जिंकली नाय. मालक आता मैदानावर फिरकत नायत.

परवा शेवटची मॅच होती. माझा उजवा खांदा लई दिवसांपासून ठणकत होता. पण दुखणं कळलं की खेळाडूला घरी पाठवतात, म्हणून गप्प राहिलो. त्या दिवशी माझा बॉल रेनाटोपर्यंत पोचेचना. तो पळत आला अन् म्हणाला, "भाई, आता तरी सांग." मग मीच बॉल कोचच्या हातात दिला अन् बाहेर आलो.

डॉक्टर म्हणतात, खांद्याचं ऑपरेशन करावं लागेल. त्यानंतरही पहिल्यासारखा बॉल टाकता येईल, याची खात्री ते देत नायत. हे डाव्या हातानं लिहिलंय, अक्षर सांभाळून घे.

आईचे गुडघे कसे आहेत? करमाडच्या बाजाराला अजून पायीच जाती का?

पुढच्या आठवड्यात येतोय. आईला म्हण, टीम हरली म्हणून लवकर सुटी मिळाली. हरल्याचं तिला एवढं वाईट वाटणार नाय.

तुझा,
भिकन