भिंतीतलं कपाट

२ सप्टेंबर, शेबॉयगन, अमेरिका
आज शोध लागला. घराच्या हप्त्यासोबत आपण दरमहा एक विमाही भरतो. मला वाटायचं, हप्ते थकले तर तो मला वाचवणार. तर नाही, बँकेला वाचवणार! छत्री माझ्या पैशाची, डोकं बँकेचं. घर घेताना वीस टक्के रोख नव्हते म्हणून ही पाचर. पण आता तेवढं फिटलंय, एकही हप्ता चुकलेला नाही. म्हणजे विमा बंद करा, असं म्हणायचा मला कायद्याने हक्क आहे. आर्लीनला सांगितलं. बायको म्हणाली, हे मी तुला मार्चमध्येच सांगितलं होतं. असेल.

३ सप्टेंबर
संकल्प : विम्याचे पैसे वाचले की डिशवॉशर. थंडीत भांडी घासून आर्लीनच्या हातांना भेगा पडतात, मला बघवत नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत मशीन आलं नाही, तर विमा बंद होईपर्यंत भांडी मी घासेन, अशी शपथ घेतली. तिने लगेच भावाला, डेलला, फोन लावून साक्षीदार केलं. संशयी घराणं.

९ सप्टेंबर
बँकेला फोन. बाई म्हणाल्या, लेखी अर्ज द्या, मग आमचा माणूस येऊन घराची किंमत खरेदीच्या खाली गेली नाही ना, एवढंच बघेल. आर्लीन म्हणाली, अर्ज टाक आणि गप्प बस, कशाला हात लावू नकोस. तिला दूरदृष्टी नाही. माणूस येतोच आहे तर त्याचे डोळे दिपायला हवेत.

१४ सप्टेंबर
वरच्या छोट्या बेडरूमचा बार करणार. भिंतीतलं कपाट उगाच जागा अडवून बसलंय. ते काढलं की घराची किंमत कुठल्या कुठे जाईल!

२१ सप्टेंबर
कपाट तोडलं. हातोडा अंगठ्यावर. भिंत वाकडी निघाली, मूळचीच असणार. डेल येऊन बघून गेला. म्हणतो, दाजी, त्या कपाटाने तुमचं काय घोडं मारलं होतं? जळतो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
तळलेले मासे खाऊन आलो आणि बारचं उद्घाटन केलं. बाटली ठेवली की आपोआप खिडकीकडे सरकते. ज्याला खिडकीशी बसायचं, त्याची सोय.

१६ ऑक्टोबर
बँकेचा माणूस आला. बेडरूम किती, विचारलं. तीन, त्यातल्या एकीत बार, मी म्हणालो. वर जाऊन त्याने विचारलं, इथलं कपाट कुठंय? स्वतःच्या हाताने पाडलं, असं मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, साहेब, कपाट नसेल तर आम्ही तिला बेडरूम म्हणून मोजत नाही. तुमचं घर आता दोन बेडरूमचं. दारात आर्लीन खोकली. सर्दी असावी. बार मात्र त्याला आवडला, बराच वेळ बघत होता.

३० ऑक्टोबर
बँकेचं उत्तर : किंमत खरेदीपेक्षा खाली, अर्ज नामंजूर. बाजारच पडलाय. डेल म्हणतो, गल्लीतली बाकीची सगळी घरं चढलीत. त्याला काय कळतंय! शिवाय कर्ज घराच्या मूळ किमतीच्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आलं की बँकेला न मागता विमा बंद करावाच लागतो. ते पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे जिंकलोच, तारीख तेवढी बाकी.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
आर्लीनचं सगळं माहेर जेवायला. टर्कीचं भांडं अजून भिजतंय. शपथ म्हणजे शपथ.

१७ जानेवारी
डेल म्हणाला, दाजी, कपाट परत बसवून देतो, मग पुन्हा अर्ज करा. मी लगेच हो म्हणालो. आर्लीन म्हणाली, एवढी काय घाई आहे? नंतर ती फोनवर बहिणीला सांगत होती, अगं, डिशवॉशर आलाय घरात. जुनं मॉडेल आहे, बडबड फार करतं आणि ताटं ओशट ठेवतं, पण चालतंय.

ताटं पुन्हा घासली. यंदा तिच्या हातांना एकही भेग नाही. बरं वाटलं. ती हातांचं क्रीम कुठे ठेवते, ते विचारायला हवं.