तिसरी प्रत

३ नोव्हेंबर
आज हसनाबादला आले. उद्यापासून कॉलेजात संगणक शिकवायचा. खोली छान आहे. रायभानकाका आणि गोपिकाकाकूंच्या स्लॅबच्या घरात, वरच्या मजल्यावर: दोन खिडक्या, न कुरकुरणारा पंखा, समोर पांढरं फुटलेलं कापसाचं शेत. माझ्या सामानात वायरींच्या तीन पिशव्या आणि एकच साडी पाहून काकूंनी विचारलं, नवऱ्याला काय वायरीनं बांधून आणणार का. मी हसले. अनोळखी घरात पहिल्याच दिवशी मी सहसा हसत नाही.

त्यांची नात छकुली सहा वर्षांची आहे. जेवण होईपर्यंत तिने मला एकोणीस प्रश्न विचारले. मी मोजले.

४ नोव्हेंबर
काकूंनी एक काम सांगितलं. त्यांचा मुलगा आदिनाथ, म्हणजे छकुलीचा बाप, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात संगणक सांभाळायचा. गेल्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. छकुलीची आई तर बाळंतपणातच गेली होती. आदिनाथने जुन्या डेस्कटॉपचा घरगुती सर्व्हर बनवून जिन्याखाली इन्व्हर्टरशेजारी ठेवला आहे. त्यात त्याच्या आवाजातल्या ३१२ फाईल आहेत. पाळीवर असताना तो रोज लेकीसाठी एक पाठवायचा: जेवलीस का, दप्तर भरलंस का. छकुली रोज दिवेलागणीला त्यातली एक ऐकते आणि मोठ्याने उत्तरही देते.

डिस्क खटखट वाजते आहे. दुसरी प्रत कुठेच नाही. काकू म्हणाल्या, हा डबा बंद पडला तर माझं लेकरू दुसऱ्यांदा मरंल. तसं होणार नाही, असं मी सांगितलं.

५ नोव्हेंबर
काम झालं. सर्व्हरला नवी डिस्क बसवली. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. घर जळालं तरी ती राहील. बॅकअप रोज दुपारी दोनला आपोआप होतो, कारण तेव्हा वीज असते. अहवाल माझ्या फोनवर येतो. चाचणीसाठी क्लाउडवरून दहा फाईल परत उतरवून ताडून पाहिल्या. तंतोतंत जुळल्या.

काकूंनी सर्व्हरला हळदकुंकू लावलं, पुढे वाटीत वरणभात ठेवला. देवघरात आदिनाथचा टाक नाही, हे तेव्हा कळलं. इथे गेलेल्या माणसाच्या नावाने चांदीचा छोटा पत्रा घडवून देवांत बसवतात. मग तो घरचा देव होतो, भटकत नाही. काकूंनी टाक करू दिला नाही. देव झाला की बोलत न्हाई, म्हणाल्या.

८ नोव्हेंबर
आजचा अहवाल: सर्व्हर ३१२, बाहेरची डिस्क ३१२, क्लाउड ३१३.

क्लाउडवर फाईल फक्त इथूनच जाते. पासवर्ड माझ्याकडे आहे. नोंदी तपासल्या, माझ्याशिवाय कुणीही आत गेलेलं नाही. जास्तीची फाईल उतरवून ऐकली. चाळीस सेकंद. आवाज आदिनाथचाच. बाकी फाईलींत मागे यंत्रांची घरघर आहे. हिच्यात मागे काहीच नाही. तो म्हणतो, इथं कुणीच न्हाई. छकुले, बोल ना.

घरात सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
क्लाउडवर नवा फोल्डर. नाव: छकुली. आत एक फाईल. काल दिवेलागणीला तिने बापाला दिलेलं उत्तर.

सर्व्हरला माईक नाही. पुन्हा पाहिलं. नाही.

११ नोव्हेंबर
छकुलीला ‘चिमणी’ म्हणता येईना. तारेवरच्या चिमणीकडे बोट दाखवते, ओठ हलतात, शब्द येत नाही. काकूंना वाटलं, लाडात आली आहे.

फोल्डर उघडला. त्यात छकुली ‘चिमणी’ म्हणते. चौदा वेळा.

प्रत घेतली तरी मूळ जागेवर राहतं. या कामाची पहिली अट हीच. इथे मूळच जातं आहे.

दुपारचा बॅकअप मी बंद केला. दोनला अहवाल आला.

१२ नोव्हेंबर
काका-काकूंना सगळं ऐकवलं. काकांनी एवढंच विचारलं, किती जागी ठेवलंस त्याला. तीन, मी म्हणाले. मग काका सांगू लागले: त्यांच्यात भाऊ वेगळे निघाले तरी बापाचा दुसरा टाक पाडत नाहीत. थोरल्याकडे एकच राहतो, बाकीचे तिथे येऊन पाया पडतात. एका माणसाला एकच जागा. तू त्याला जिथं ना चूल ना माणूस अशा जागी नेऊन बसवलंस पोरी, मंग तो सोबत मागणारच.

काकूंनी मला बोल लावला नाही. त्यांनी फक्त विचारलं, तो आत्ता बोलून राह्यला का. मी हो म्हणाले.

त्यांना आनंद झाला.

१३ नोव्हेंबर
छकुली फोल्डरमध्ये ४१७ फाईल. शाळेतून निरोप आला, पोरगी बोलत नाही.

क्लाउड पुसणं एका आज्ञेचं काम आहे. पण पुसला तर तीही पुसली जाईल. काका म्हणाले, वायर उपटून फेक. नाही उपटली. तिला परत आणायचा रस्ता तोच आहे.

१४ नोव्हेंबर
आता एकही शब्द नाही. पायरीवर पडली, गुडघा फुटला. डोळ्यांतून पाणी, आवाज नाही.

क्लाउडवरच्या नव्या फाईलीत ती रडते आहे. अकरा मिनिटं.

१५ नोव्हेंबर
दुपारी १२.०५. जिन्याखाली बसून लिहिते आहे. रिस्टोअर, म्हणजे क्लाउडवरून परत उतरवणं, सुरू केलं. फक्त छकुलीचा फोल्डर. त्याचा नाही. आज्ञा तीनदा वाचली.

१२.३०. ३१ टक्के. छकुली अंगणात. घसा धरून बसली आहे.

१२.५०. ६२. ती बोलली. मी धावले.

तोंड तिचं. आवाज पुरुषाचा. आई, भूक लागली, वाढ जल्दी.

काकूंनी ताट वाढलं. रडतात, हसतात, तिला आदिनाथ म्हणतात. काका भिंतीला टेकून खाली बसले.

१२.५८. आज्ञा बरोबर आहे. मी त्याला मागवलं नव्हतं. वाट उघडली, तो पुढे शिरला. ती अजून क्लाउडवरच आहे. आकडा सरकतो आहे. ७०. म्हणजे येते आहे. चालू ठेवायचं, काहीही झालं तरी.

१.१५. ८४. भांडी वाजली. जेवण झालं. पावलं इकडेच. पाय लहान आहेत, पाऊल जड पडतं.

तो समोर उभा आहे. ताई, काम बिलकुल बराबर झालं म्हणतो. आता बंद करा. मी नाही म्हणाले. काकू मागून ओरडतात, ऐक त्याचं—

८९. स्पीकरमधून ती. ताई, अंधार आहे, कुठून येऊ—

इकडेच. सरळ. ९३—

तो वाकला. त्याचा हात वायरवर— तिचाच हात, मनगटात काळा दोरा— मी धरलाय, सुटत नाही, एवढी ताकद—

९६. छकुले, बोलत राहा, थांबू नको, थोडंच राह्यलं, अजून फक्त