सत्तावीस मिनिटांवर अडलेलं घड्याळ

प्रिय ताई,

मंगळवारी तुझी लेक बाबांचं ते आकडे पालटणारं रेडिओ-घड्याळ घेऊन दुकानात आली. म्हणाली, "मावशी, रेडिओ वाजतो, पण घड्याळ आईच्या लहानपणापासून बंद आहे. होईल का गं?" असली घड्याळं दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, पण हे उघडायला मी दुकान बंद होईपर्यंत थांबले.

सत्तावीसच्या पात्यामागे माझी केसांची पिन अजून तशीच होती. आकडा पडतो कसा ते बघायला सात वर्षांची असताना मी ती आत खुपसली होती. तू मोठी, म्हणून बाबांनी तुलाच धरलं, तुझी शाळेची सहल रद्द केली, आणि मी मूग गिळून बसले.

पिन काढली, वाकलेलं पातं सरळ केलं, चाकांवरचं सुकलेलं वंगण खरवडून नवं लावलं. सत्तावीसवरून अठ्ठावीस पडलं, तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग सगळं कबूल करायला हे पत्र लिहायला बसले.

इथवर लिहिलं आणि तुझी लेक घड्याळ न्यायला आली. मी हळूच विचारलं, "आई काही म्हणाली का?"

ती हसायला लागली. "म्हणाली, 'तिनेच बिघडवलंय, तीच दुरुस्त करील. मला तेव्हाच कळलं होतं, पण ती बिचारी आधीच इतकी घाबरलेली!'"

ताई, आता हे पत्र कशाला पाठवू? लेकीला रिकाम्या हातांनी परत धाडलंय. घड्याळ घेऊन उद्या मीच येते. पन्नास वर्षांचं रागवायचं राहिलंय, ते समोरासमोर रागावून घे.

तुझीच,
धाकटी